फोनमधला दुभाषी : गैरसमज कसे टाळावेत?



कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यातील आपल्या गावांतून दोन वाटा फुटल्या. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड, रोहा-अष्टमी येथील आपली घरे १९४८ नंतर एकेक करून बंद झाली आणि माणसे इस्राएलला आली. पुढे १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, अरबस्तानात कामे निघाली आणि त्याच गावांतील कोकणी मुसलमान शेजाऱ्यांची मुले जेद्दा, रियाध, दम्माम येथे नोकरीस गेली. आपल्या मुलांच्या तोंडी हिब्रू बसली, त्यांच्या मुलांच्या तोंडी अरबी. दोघांच्या मधे राहिली ती मराठी.

सौदी अरेबियात आज सुमारे २५ लाख भारतीय राहतात. त्यांत मराठी बोलणारेही आहेत. पूर्वी नवा माणूस कामावर गेला की जुना माणूस त्याचा दुभाषी होई. आता खिशातला फोन दुभाषी झाला आहे. आपण मराठीत बोलावे, फोनने अरबीत सांगावे. शेटने अरबीत बोलावे, फोनने मराठीत सांगावे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु शब्द पोहोचला म्हणजे मन पोहोचले असे नव्हे.

आपल्यालाही हा विषय परका नाही. अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना येथील आपल्या वृद्धांच्या घरी भारतातून आलेल्या सेविका काम करतात. २०२४ पासून भारतातून बांधकाम कामगारही मोठ्या संख्येने आले आहेत. त्यांच्याही हातात तोच फोन आहे. तरी या पाठासाठी आम्ही मुद्दाम सौदी अरेबियाचे उदाहरण घेतले आहे. एक तर अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण, म्हणून आपल्याला मुद्दा लवकर कळेल. दुसरे असे की, तेथे परक्या कामगाराचा राहण्याचा परवाना, ज्याला 'इकामा' म्हणतात, तो मालकाच्या नोकरीशी जोडलेला असतो. तेथे एक शब्द चुकला तर नोकरीबरोबर राहण्याची जागाही डळमळते.

१. यंत्र भाषांतर कसे करते?

गूगलची भाषांतराची सोय एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली, आणि तिची पहिली जोडी इंग्रजी-अरबी ही होती. मराठी त्यात २०१३ साली आली. २०१६ च्या अखेरीस नवी पद्धत निघाली, जिच्यात यंत्र तुकड्या-तुकड्याने न जाता सबंध वाक्य एकदम घेते. मराठीला ती २०१७ साली मिळाली. तेव्हापासून भाषांतर पुष्कळ सुधारले आहे. अलीकडची बोलकी यंत्रे त्याहूनही पुढे गेली आहेत.

तथापि मूळ रीत तीच आहे. यंत्राला शेट कोण, कामगार कोण, कालचे भांडण काय हे काही ठाऊक नसते. माणसांनी आजवर लिहिलेली आणि भाषांतरित केलेली लक्षावधी वाक्ये त्याने पाहिलेली असतात. त्यावरून अशा वाक्यापुढे बहुधा काय येते, याचा ते अंदाज बांधते. ज्या दोन भाषांत अशी वाक्ये भरपूर आहेत, तेथे अंदाज बरा जमतो. मराठी आणि अरबी या जोडीत ती फार थोडी आहेत. म्हणून पुष्कळदा यंत्र मराठीचे आधी इंग्रजी करते आणि मग इंग्रजीचे अरबी. आपल्याला मधले इंग्रजी दिसत नाही. पण जे हरवते ते बहुतेक तेथेच हरवते.

२. मधल्या इंग्रजीत काय हरवते?

(अ) नाती. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी ही चार नाती वेगळी आहेत. अरबीतही ती वेगळीच आहेत : अम्म, खाल, अम्मा, खाला. म्हणजे दोन्ही टोकांना व्यवस्था सारखी. परंतु मधल्या इंग्रजीत काका आणि मामा यांना एकच शब्द, आत्या आणि मावशी यांना एकच शब्द. (आपल्या हिब्रूतही 'दोद' एकच आहे.) त्यामुळे मराठीतले काका अरबीत पोहोचेपर्यंत मामा होऊन बसू शकतात. गप्पांत हे चालून जाईल. वारसाच्या कागदात किंवा कोणाच्या मयताला रजा मागताना चालणार नाही.

(आ) मान. मराठी माणूस शेटला "पैसे द्या" म्हणतो. त्या 'द्या'मध्येच मान आहे; 'दे' म्हटले असते तर तो उद्धटपणा झाला असता. इंग्रजीत 'द्या' आणि 'दे' एकच. तेथून अरबीत जाते तो कोरडा हुकूम. कामगार म्हणतो, "मी तर मानाने मागितले." शेट म्हणतो, "हा माझ्यावर हुकूम सोडतो." दोघेही खरे बोलत असतात.

(इ) स्त्री-पुरुष. "मी थकले आहे, आज येऊ शकत नाही," असे परिचारिकेने लिहिले तर मराठीत ती बाई आहे हे लगेच कळते. अरबीत 'ताबान' आणि 'ताबाना', हिब्रूत 'आयेफ' आणि 'आयेफा', असा भेद आहेच. पण इंग्रजीतून जाताना तो पुसला जातो आणि यंत्र बहुधा पुरुषाचे रूप निवडते. मग वाचणाऱ्याला वाटते की तिचा नवरा किंवा दुसराच कोणी लिहितो आहे.

(ई) आम्ही आणि आपण. "आम्ही उद्या जाऊ" यात समोरचा नाही. "आपण उद्या जाऊ" यात तो आहे. इंग्रजीत, अरबीत आणि हिब्रूत या दोहोंना एकच शब्द आहे. ज्याला बोलावले तो येत नाही आणि ज्याला बोलावले नाही तो दारात उभा राहतो.

(उ) परवा. हा शब्द आपल्याला साधा वाटतो. परंतु तो मागचाही असतो आणि पुढचाही. "परवा" एवढाच निरोप धाडला तर यंत्राला दोहोंतून एक निवडावेच लागते. माणसाने विचारले असते, "येता परवा की गेला परवा?" यंत्र विचारीत नाही.

३. सौदी बोलीतील काही शब्द

यंत्राने शिकलेली अरबी बहुतेक वर्तमानपत्रांची आणि पुस्तकांची. रियाधकडे नज्दी बोली, जेद्दा-मक्का-मदीनेकडे हिजाजी बोली. शिवाय कामाच्या जागी परदेशी कामगार आणि अरब मिळून एक मोडकी अरबी बोलतात. तिच्यात 'माफी' म्हणजे 'नाही', क्षमा नव्हे. ही बोली कोणत्या पुस्तकात नाही, मग यंत्राला ती कोठून येणार?

खालील शब्द सौदी लोकांच्या तोंडी नित्य येतात. त्यांचे शब्दशः भाषांतर कानी पडले तर गोंधळ होईल.

'अब्शिर' : शब्दशः 'शुभवार्ता ऐक, आनंद कर.' अर्थ : 'झालेच म्हणून समजा.' सौदी सरकारच्या फोनवरील सेवेला हेच नाव दिलेले आहे.

'अला खश्मी' : शब्दशः 'माझ्या नाकावर.' अर्थ : 'तुमचे काम मी मोठ्या आनंदाने करीन.' आता मराठीत नाकाशी काय काय जोडले आहे ते आठवा. नाकावर राग असतो, नाकावर टिच्चून काम केले जाते, नाक मुरडले जाते. सौदी माणूस जीव ओतून होकार देतो आणि आपल्याला तो तोरा वाटतो.

'ताल उमरक' : शब्दशः 'तुझे आयुष्य वाढो.' वापर मात्र आपल्या 'साहेब'सारखा. याचे मराठी वाचून कोणी मोठा आशीर्वाद मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये.

'यातीक अल-आफिया' : शब्दशः 'देव तुला आरोग्य देवो.' काम करणाऱ्याला जाता-येता म्हणतात. उत्तर 'अल्ला याफीक.' कामगाराला वाटते की आपण आजारी दिसतो. गंमत अशी की, मोरोक्कोच्या अरबीत 'आफिया' म्हणजे विस्तव. अरबी एक म्हटली तरी ती किती ठिकाणी किती रंगांची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

'इन्शाअल्ला' : 'देवाची इच्छा असेल तर.' आपणही 'इम यिर्त्से हाशेम' म्हणतोच. यंत्र हे भाषांतर अचूक करते, पण त्याचे वजन सांगत नाही. कधी तो पक्का होकार असतो, कधी सौम्य नकार. आपल्या 'बघू'चेही तसेच आहे. "पगार कधी?" याला "इन्शाअल्ला, बुक्रा" असे उत्तर आले तर त्याचा अर्थ 'उद्या' असा धरून गावी पैसे पाठविण्याचे वचन देऊ नये. तारीख विचारावी.

४. ओळखीचे वाटणारे परके शब्द

काही ठिकाणी यंत्र बरोबर असते आणि आपला कान चुकतो. मराठीत अरबी शब्द शेकड्यांनी आले आहेत. किंमत, हिशोब, तारीख, मुदत, इमारत हे शब्द अरबाच्या तोंडी ऐकले की आपल्याला धीर येतो. पण सगळेच शब्द घर सोडताना अर्थ बरोबर घेऊन निघाले नाहीत.

मराठीत 'रक्कम' म्हणजे पैसा; अरबीत 'रक्म' म्हणजे नंबर. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुन्हा-पुन्हा होणे. मराठीत 'गरीब' म्हणजे निर्धन. अरबीत 'गरीब' म्हणजे परका किंवा विचित्र. मराठीत 'वकील' कोर्टात उभा राहतो. अरबीत 'वकील' म्हणजे प्रतिनिधी, कोर्टातला तो 'मुहामी'. मराठीत 'नक्कल' म्हणजे प्रत. अरबीत 'नक्ल' म्हणजे एकीकडून दुसरीकडे नेणे. शेटच्या तोंडी 'नक्ल' हा शब्द आला तर कागदाची प्रत मागतो आहे असे समजू नये; कदाचित तो दुसऱ्या मालकाकडे नोकरी बदलण्याविषयी बोलत असेल. मार्च २०२१ पासून सौदी अरेबियात पुष्कळ कामगारांना ठरावीक अटींवर मालकाच्या संमतीवाचून अशी बदली घेता येते. घरकामगार व घरगुती ड्रायव्हर मात्र त्या सुधारणेतून वगळले होते. तेव्हा हा शब्द चुकून चालणार नाही.

हिब्रू येणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. आपला 'लेहेम' म्हणजे भाकरी; अरबी 'लहम' म्हणजे मांस. भावंडेच ती, पण एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तर ताटात भलतेच येईल.

आणि आपले स्वतःचे काय? आपल्या जुन्या माणसांनी सिनेगॉगला 'मशीद' म्हटले. मुंबईची शाआर हारहमीम १७९६ साली उभी राहिली. ती आपल्याकडे 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखली जाते. उपासाला 'रोजा' म्हटले, एलूल महिन्यातील उपासांना 'रमजान' म्हटले. "आजोबा रमजानचे रोजे धरीत आणि पहाटे मशिदीत जात," असे एखाद्या घरच्या जुन्या पत्रात असले आणि नातवाने ते फोनला वाचायला दिले, तर त्याला आपले आजोबा मुसलमान होते असेच वाटेल. यात यंत्राचा एकही शब्द चुकलेला नसेल! शब्द बरोबर, अर्थ बरोबर, आणि माणूस मात्र भलताच. संस्कृतीचा गैरसमज म्हणतात तो हाच.

५. आकडे आणि तारखा

आकड्यांत भाषांतर लागत नाही असे वाटते. तसे नाही. सौदी अरेबियात अरबी आकडे पाट्यांवर आणि पावत्यांवर दिसतात. त्यांत शून्य हा नुसता ठिपका असतो, आणि पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो फोनला वाचायला दिला आणि ठिपका धूळ समजून सुटला, तर १५० चे १५ होतात.

तारखेचेही तसेच. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्या पंचांगासारखा त्यात अधिक महिना धरीत नाहीत. म्हणून ते दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. सौदी सरकारने आपल्या नोकरांचे पगार ऑक्टोबर २०१६ पासून इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे देण्यास सुरुवात केली. परंतु हिजरी तारीख कागदपत्रांतून गेलेली नाही. आठवड्याची सुट्टीही २०१३ च्या जूनपर्यंत गुरुवार-शुक्रवार होती; त्यानंतर ती शुक्रवार-शनिवार झाली. जुन्या माणसाने सांगितलेली सुट्टी आणि फोनने सांगितलेली सुट्टी जुळली नाही, तर कारण असे असू शकते. शिवाय भेटीची वेळ घड्याळाऐवजी नमाजावरून सांगतात : 'मगरिबनंतर'. यंत्र म्हणेल 'सूर्यास्तानंतर'. ते खरेच, पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्या वेळेत तास-दीड तासाचा फरक पडतो.

६. न बोललेले काय सांगते?

मराठी माणूस निरोपाला "येतो" म्हणतो आणि निघून जातो. यंत्र त्याचे 'मी येत आहे' असे करील आणि समोरचा वाट पाहत बसेल. मराठी माणूस शेटच्या घरची आपुलकीने चौकशी करतो, "वहिनी कशा आहेत?" येथे दोन अपघात एकदम होतात. एक, 'वहिनी'चे इंग्रजीतून अरबीत जाताना 'तुझ्या भावाची बायको' होऊ शकते. दुसरा त्याहून मोठा : सौदी पुरुषाला त्याच्या पत्नीविषयी थेट विचारणे सभ्य मानीत नाहीत. "घरची मंडळी बरी आहेत ना?" एवढेच विचारावे. येथे भाषांतर अगदी बिनचूक झाले असते तरी प्रश्न चुकलाच असता.

मुलाचे किंवा नव्या मोटारीचे कौतुक करताना तेथे 'माशाअल्ला' म्हणतात. ते न म्हणता नुसती वाखाणणी केली तर दृष्ट लागेल असे वाटते. मीठ-मिरच्या ओवाळणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. कॉफीचा लहान पेला पुन्हा पुन्हा भरला जातो. पुरे झाली असेल तर पेला हलवून दाखवावा. काही देऊ केले असता नुसते 'शुक्रन' म्हटले तर ते 'नको' असेही समजले जाते.

आणि बोलण्याच्या आरंभी सलाम, प्रकृती, घरची खुशाली हे सारे झाल्यावाचून कामाचे बोलू नये. फोनमुळे आपल्याला घाई होते. बटण दाबले की थेट कामाचे वाक्य. समोरच्याला ते दार न ठोठावता आत शिरल्यासारखे वाटते.

७. एक घडलेली गोष्ट

हे सारे बारकावे वाचून कोणी म्हणेल, "एवढे काय त्यात? हसून सोडून द्यावे." म्हणून खरोखर घडलेली एक गोष्ट सांगतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बेतार इलित येथे बांधकामावर काम करणाऱ्या एका पॅलेस्टिनी कामगाराने बुलडोझरला टेकून काढलेला आपला फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली अरबीत सकाळच्या अभिवादनाचा एक शब्द लिहिला. फेसबुकच्या यंत्राने त्याचे हिब्रू केले : 'त्यांच्यावर हल्ला करा.' पोलिसांनी त्या माणसाला अटक केली. अटक करण्यापूर्वी अरबी जाणणाऱ्या एकाही अधिकाऱ्याने तो मूळ शब्द वाचला नव्हता. काही तासांच्या चौकशीनंतर चूक कळली आणि त्याला सोडले. फेसबुकने क्षमा मागितली.

यंत्राची चूक एका क्षणाची होती. पुढचे तास माणसांचे होते. मूळ शब्द तेथेच होता आणि अरबी जाणणारी माणसे या देशात लाखोंनी आहेत. कोणी विचारले नाही, एवढेच. शिवाय फोटोत बुलडोझर होता आणि मनात भीती होती. यंत्राने जो अर्थ दिला तो भीतीला जुळला, म्हणून तो खरा वाटला. ज्या अर्थाची आपल्याला आधीच धास्ती असते, तोच अर्थ आपण सर्वांत कमी तपासतो. हा धडा सौदी अरेबियातल्या शेटला जितका लागू आहे तितकाच कामगाराला, आणि आपल्यालाही.

आता उलट बाजू पाहा. मराठी कामगार काकुळतीने म्हणतो, "माझ्या पोटावर पाय देऊ नका." यंत्राने ते शब्दशः पोहोचवले तर शेट समजेल, हा माझ्यावर मारहाणीचा आरोप करतो. मित्राला लाडाने लिहिलेले "जीव घेईन तुझा" हे तर विचारूच नका. सौदी अरेबियात माहितीच्या साधनांतून होणाऱ्या गुन्ह्यांसाठी २००७ चा कायदा आहे. फोन-संगणकाच्या साधनाने दुसऱ्याची बदनामी केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रियालपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. फोनमध्ये लेखी राहिलेले वाक्य पुरावा होते. त्यामागचा लाड किंवा काकुळती पुराव्यात दिसत नाही.

८. पाळावयाचे नियम

पहिला : वाक्य लहान ठेवावे. कर्ता, कर्म, क्रियापद पूर्ण लिहावे. म्हण, वाक्प्रचार, थट्टा, टोमणा यंत्राच्या हाती देऊ नये.

दुसरा : मान शब्दांत लिहावा. "पैसे द्या" ऐवजी "साहेब, कृपा करून माझा मे महिन्याचा पगार देऊ शकाल का?" असे लिहावे. क्रियापदातला मान वाटेत गळतो. शब्दांतला बहुधा पोहोचतो.

तिसरा : तारीख, वार आणि महिना अक्षरांत लिहावा. 'परवा' लिहू नये. रकमेपुढे 'रियाल' लिहावे.

चौथा : झालेले भाषांतर उलट मराठीत करून पाहावे. परंतु त्यावर सर्वस्वी विसंबू नये. जाताना इंग्रजीत हरवलेला काका-मामांचा भेद किंवा स्त्री-पुरुषाचा भेद परत येताना दिसेलच असे नाही. परतीचे वाक्य बिघडले तर धोका नक्की. परतीचे वाक्य चांगले आले तर धोका नाही, असे मात्र नव्हे.

पाचवा : समोरच्याला विचारावे, "आपल्याला काय समजले, ते सांगाल का?" यात कमीपणा नाही. शंभर वाक्यांच्या खुलाशाचे काम हा एक प्रश्न करतो.

सहावा : रागात असताना यंत्रातून बोलू नये. आणि समोरून रागाचे वाक्य आले तर आधी भाषांतर चुकले असावे असे धरावे, मग माणूस चुकला असे म्हणावे.

सातवा : दवाखाना, पोलीस, न्यायालय आणि सही यांसाठी माणूसच हवा. सौदी कामगार कायद्याप्रमाणे (२००५) नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. दुसऱ्या भाषेतील मजकूर सोबत असला तरी अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणजे फोनने दाखवलेले मराठी कितीही गोड असले तरी सही होते ती अरबीवर. अशा वेळी अधिकृत भाषांतरकार गाठावा, नाहीतर रियाध येथील भारतीय वकिलातीत किंवा जेद्द्याच्या कॉन्सुलेटमध्ये चौकशी करावी.

हजचेच उदाहरण घ्या. २०२३ साली हजला १८ लाखांहून अधिक यात्रेकरू जमले होते. त्यांच्याही हातात फोन होते. तरी भारत सरकार आपल्या यात्रेकरूंसोबत मदतीला माणसे पाठवतेच. वाट चुकलेल्या म्हाताऱ्या बाईला फोनने दिशा सांगता येईल. ती घाबरली आहे हे ओळखायला माणूस लागतो.

सरावासाठी

खालील तीन वाक्ये यंत्राला देण्याजोगी करून लिहा. मुलांनाही लिहायला सांगा.

(१) "परवा येतो, काकांची तब्येत बरी नाही." (२) "वहिनींना विचारा, रक्कम कधी देता?" (३) "असे करून आमच्या पोटावर पाय देऊ नका."

पडताळण्यासाठी उत्तरे : (१) "माझ्या वडिलांचे भाऊ आजारी आहेत. मी सोमवारी, दहा जून रोजी, कामावर येईन." (२) "आपल्या घरी सर्व कुशल असेल अशी आशा आहे. माझा पगार कोणत्या तारखेला मिळेल, हे कृपा करून सांगाल का?" (३) "ही नोकरी गेली तर माझ्या कुटुंबाला दुसरे उत्पन्न नाही. कृपा करून आपण पुन्हा विचार करावा."

वाक्ये थोडी कोरडी झाली हे खरे. मराठीचा ओलावा त्यांत राहिला नाही. तो ओलावा घरच्यांसाठी, आणि समोरासमोर बसून घेतलेल्या चहासाठी राखून ठेवावा.

शेवटी एकच आठवण. १८७४ साली पुण्यात आपल्या समाजाची हग्गादा छापली गेली, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. ते भाषांतर आपल्यातल्याच माणसांनी केले होते. एखाद्या शब्दाविषयी शंका आली तर ज्यांना जाऊन विचारावे अशी ती माणसे होती. फोनमधल्या दुभाष्याला आपण अवश्य कामाला लावू, आम्हीही लावतो. मात्र तो जे सांगतो त्याविषयी शंका आली की उठावे, शेजारचे दार ठोठवावे आणि अरबी, हिब्रू, मराठी, जी भाषा ज्याला येते त्याला विचारावे. ही सवय आपण सोडू नये, एवढीच विनंती.

शालोम.